आजचा डोळा

"ताई, आजही नाही जमायचं," डोळेवाले काका म्हणाले आणि त्यांनी हातातला बारीक ब्रश पाण्याच्या पेल्यात सोडला. "तुम्ही एकदा नीट झोपून या."

तिला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. दोन्हीला अंगात थोडं त्राण लागतं. काकांनी बसवलं होतं तशीच, खिडकीकडे तोंड करून आणि हनुवटी वर धरून ती बसून राहिली.

काकांचं नकली डोळे बनवायचं काम चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत चालायचं. खिडकीपाशी टेबल आणि टेबलावर उथळ खणांची पेटी. त्या खणांत काळी, तपकिरी, घारी बुबुळं ओळीने मांडलेली. दारातून माणूस आत आला की ती सगळी एकदम त्याच्याकडे बघायची. पहिल्या खेपेला तिच्या अंगावर काटा आला होता. आता ती त्यांच्यासमोर खुशाल जांभई देत असे.

डोळा गेला तो तिच्याच हलगर्जीपणाने, असं तिची नणंद म्हणायची. डोळ्यात काहीतरी गेलं, तिने चोळला, तो सुजला. सरांना हलवणं-बसवणं, त्यांची औषधं, कपडे, अंथरूण या धबडग्यात तिने दुखणं अंगावर काढलं आणि शेवटी डोळाच काढावा लागला. सर म्हणजे तिचा नवरा. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. विद्यार्थी सर म्हणायचे, दूधवाला सर म्हणायचा, आणि कधीतरी तीसुद्धा त्यांना मनातल्या मनात सरच म्हणू लागली होती.

"झोपून या म्हणजे काय हो काका? झोप काय विकत मिळते?"

"तसं नाही ताई. मी उरलेल्या डोळ्याकडे बघून रंगवतो ना." काकांनी हातआरसा तिच्यासमोर धरला. "बघा. पांढऱ्यात पांढरं शोधावं लागतंय. कडेला पिवळट झालंय. शिरा तर मुळ्यांसारख्या पसरल्यात. रेशमाचे लाल तंतू चिकटवून मी अगदी हुबेहूब करून देईन, त्याची काळजी नको. पण वरून एकदा काचेसारखा थर बसला की ते कायमचं. उद्या तुमचा हा डोळा निवळला, तर तो तिकडे तांबारलेलाच. लोक म्हणतील, बाई एका डोळ्यानेच रडते."

"असं होतं कधी?"

"होतं म्हणजे? एक गिऱ्हाईक आलं होतं, नाकातोंडातून पाणी गळतंय. लग्न तोंडावर आलेलं, थांबायला तयार नाही. मीही दिला करून. त्याचं पडसं गेलं, पण डोळ्यातलं काही गेलं नाही. बायको अजून म्हणते, वाफ घ्या."

आता मात्र ती थोडी हसली. मग म्हणाली, "मला काही आराम मिळायचा नाही काका. कराच आजचा."

"मिळेल हो. सर बरे झाले की मिळेलच."

सगळे हेच म्हणायचे. ती "हो" म्हणाली. या एका "हो"ची तिला इतकी सवय झाली होती की तो तोंडातून निघाला हेही तिला कळत नसे.

"घरी विचारून सांगा," काका ब्रश पुसत म्हणाले. "गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय मी डोळ्यात थकवा घालत नाही. मागाहून माझ्या नावाने शंख होतो."

रस्त्याने येताना तिच्या लक्षात आलं की काकांनी तिला नुसता रंग विचारलेला नाही. दमलेला डोळा करायला सांगायचा, म्हणजे हे दमणं आता जायचं नाही असं उघड बोलायचं. हे दमणं जायचं नाही, म्हणजे सर काही बरे होत नाहीत. ही गोष्ट तिला डॉक्टरांनी व्हरांड्यात नेऊन सांगितली होती. आजार खालून वर चढत होता. आधी पाय गेले, मग डावा हात. पुढे काय काय जाईल तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते तिने कुणाकडेही बोलून दाखवलं नव्हतं. सरांकडे तर नाहीच. घरात एकच वाक्य चालायचं, "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे." रात्रीला एखादी बाई ठेवू या असं नणंद म्हणाली तेव्हाही सरांनी हेच म्हटलं होतं, आणि तिनेही त्यात मान हलवली होती. थोड्या दिवसांसाठी कशाला उगाच परकं माणूस घरात? तेव्हापासून रात्री सरांना कुशीवर वळवायला तीच उठायची. एकदा वळवलं की डोळा लागेपर्यंत पुन्हा हाक यायची.

दार नणंदेने उघडलं. ही सरांची धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि वहिनी बाहेर गेली की सरांपाशी येऊन बसायची. मनाने चांगली होती, पण तोंडाला दार नव्हतं.

"काय वहिनी, लागला का डोळा?"

"कुठला लागतोय, वन्सं? ना रात्री लागत, ना दुकानात."

"अगं बाई. परत पाठवलं? त्या माणसाला येतं तरी का काही? आणि हे बघ, आता करतेच आहेस तर जरा टपोरा करून घे. पाणीदार. तुझे मूळचे काही फार मोठे नव्हते."

"एक टपोरा आणि एक बारीक?"

"बघणारा टपोऱ्याकडेच बघतो गं," नणंद म्हणाली, आणि पिशवी उचलून निघाली.

ती आत गेली. सर खिडकीपाशीच्या पलंगावर उशांना टेकून बसवलेले होते. एक उशी घसरली होती. तिने ती सारखी केली, त्यांची मान सावरली आणि स्टूल ओढून बसली.

"का पाठवलं परत?" सरांनी विचारलं.

तिने सांगितलं. पडशाच्या गिऱ्हाइकाची गोष्टही सांगितली. सर खळखळून हसले. हसताना हल्ली त्यांना धाप लागायची, म्हणून ती बोलायची थांबली.

"मग अडलं कुठे?" धाप खाली बसल्यावर ते म्हणाले.

"ते विचारतात, आजचा करू की एरवीचा. तुम्हीच सांगा, यातला खरा कुठला म्हणायचा? जन्मभर हेच तर शिकवत आलात."

"मी डोळे नव्हतो शिकवत, टेबल शिकवत होतो." सरांचा उजवा हात चादरीवर फिरला, फळ्यावर फिरावा तसा. "वर्ग सुटला, सगळे घरी गेले, बघायला कुणीही नाही. तर मग टेबल वर्गात आहे की नाही? दर वर्षी विचारायचो. एकदा मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, शिपायाने उचललं नसेल तर आहे, सर."

"बरोबरच बोलला."

"बरोबरच. मी त्याला पूर्ण गुण दिले. वास्तववाद म्हणजे इतकंच. आपण बघो न बघो, बोलो न बोलो, असायचं ते असतं."

ती चादरीची घडी सारखी करत राहिली. आता बोललं नाही तर पुन्हा बोलणं होणार नाही, हे तिला कळत होतं. मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन ती म्हणाली, "मला वाटतं, आजचाच करून घ्यावा."

सर तिच्याकडे बघत राहिले. गेलेल्या डोळ्यावर पट्टी होती, उरलेल्यात त्या शिरा.

"म्हणजे हे असंच चालणार, असं तुला वाटतं."

तिने खाली बघत चादरीची घडी पुन्हा मोडून घातली.

"अगं, तू आणि डॉक्टर ते व्हरांड्यात बोललात म्हणून ते या खोलीत नव्हतं, असं थोडंच आहे?"

तिने मान वर केली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पाय माझेच आहेत. मला नाही कळायचं तर कुणाला?"

"मग थोड्या दिवसांचा प्रश्न, थोड्या दिवसांचा प्रश्न, हे कशाला म्हणत होतात?"

"तू मान हलवायचीस म्हणून. मला वाटायचं, तुला त्याने बरं वाटतं."

"आणि मी मान हलवायचे, तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी मोटार मागे घेत होतं आणि दुसरा कुणी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता. दमलेल्या माणसाला रडायलाही सवड लागते. ती नुसती बसून राहिली.

"पण तुझं गणित चुकतंय," सर जरा वेळाने म्हणाले. हुशार विद्यार्थिनीची चूक दाखवावी तसा त्यांचा आवाज होता. "आजचा करू नकोस. झोप झालेल्या माणसाचा कर, स्वच्छ. मी काही बरा होणार नाही, हे खरं. पण मी काही कायमचाही नाही. मी गेलो की तुला झोप मिळेल. चार-सहा महिन्यांत डोळा निवळेल. मग तो बरोबर जुळेल."

ते इतकं सरळ बोलले की तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि कारण नसताना नळ सोडून उभी राहिली. आपण मन घट्ट करून खरं बोललो असं तिला वाटलं होतं. हा माणूस तिच्याही पुढे निघून गेला होता, आणि तिथून मागे वळून तिची सोय बघत होता.

पाणी बंद करून ती परत आली आणि म्हणाली, "दूध गरम करू का?"

"कर," सर म्हणाले.

पुढच्या खेपेला ती काकांकडे गेली ती तशीच तारवटलेली. खुर्चीत बसली, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "आजचा करा."

"घरी विचारलंत?"

"विचारलं. ते नको म्हणाले."

काकांनी चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघितलं. "मग?"

"मग काय? डोळा माझा आहे. माझ्या तोंडाने सांगतेय. घाला थकवा."

काकांनी खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला. सगळी दुपार ते चिमट्याने लाल तंतू उचलत होते आणि एकेक जागेवर बसवत होते. मधूनच म्हणत, "इकडे बघा. वर बघा. हं." कोपऱ्यातलं पिवळं त्यांनी दोनदा पुसून पुन्हा लावलं. त्या दुपारी इतकं निरखून तिच्याकडे कुणीतरी बघत होतं आणि तिला स्वतःला काहीच करायचं नव्हतं. बसल्या बसल्या तिला डुलकी आली, तशी काका म्हणाले, "आता नका झोपू ताई, रंग बदलेल."

तयार डोळा बसवून ती घरी आली, तेव्हा नणंदेने तिला दारातच धरून उजेडाकडे वळवलं.

"अगं, हाही तसाच दमलेला? नवा कोरा डोळा घेतलास आणि तोही शिळा? धन्य आहे तुझी."

सरांनी तिला जवळ बोलावलं. या डोळ्यातून त्या डोळ्यात, त्या डोळ्यातून या डोळ्यात, असं ते बराच वेळ बघत राहिले. नणंद चहा टाकायला आत गेली.

"माझं ऐकलं नाहीस," ते हळू आवाजात म्हणाले.

"तुम्ही म्हणत होतात तो स्वच्छ डोळा मला घरात नको होता. तो तुमच्या जाण्याची वाट बघत बसला असता."

सरांनी उजवा हात उचलला आणि तिच्या गालावर ठेवला. हल्ली तोही उचलताना थरथरायचा.

"ताई, जरा इकडे ये," त्यांनी आत हाक मारली. लहान बहिणीलाही ते ताईच म्हणत. नणंद चहाचं फडकं हातात घेऊन दारात आली. "ती रात्रीची बाई म्हणाली होतीस ना? विचार तिला. उद्यापासून येते का बघ."

"आता? इतके दिवस नको नको म्हणत होतास. थोड्या दिवसांसाठी कशाला म्हणून."

"थोड्या दिवसांचा प्रश्न नाही," सर म्हणाले. "हे चालणारं आहे. निगुतीने करायला हवं."

नणंदेने एकदा भावाकडे बघितलं, एकदा वहिनीकडे. मग फडक्याला हात पुसत ती चहा गाळायला आत गेली.

"मग मी झोपेन," ती सरांना म्हणाली. "आणि हा डोळा जुळायचा नाही."

"नाही जुळला तर नाही."

"काका म्हणतील, मी सांगत होतो."

"म्हणू देत. काकांना काय, त्यांचा डोळा शंभर टक्के बरोबर आहे. आजच्यापुरता."

चहा येईपर्यंत म्हणून ती समोरच्या बाकावर जरा आडवी झाली. पाठ टेकताच अंग जड झालं. कप खाली ठेवल्याचा आवाज तिला लांबून आल्यासारखा आला.

"वहिनी झोपलीय की जागी आहे रे दादा? एक डोळा अर्धा उघडा आहे."

"तो जागा आहे," सर म्हणाले. "ती झोपलीय. हळू बोल."

तिला ते ऐकू आलं. पण तिने ओ दिली नाही.