घाणेरडी म्हणून लिहा

चूक माझीच होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या स्लेटर बोळात चूक कबूल करणारी बाई शोधून सापडायची नाही.

मी थर्झा हॅस्लम, सूतगिरणीत कामाला. बोळात चौदा घरं आणि चौदांत मिळून दोन संडास. त्यांचा खड्डा माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला चिकटून. खड्डा भरला की भिंत पाझरते, आणि त्याच भिंतीशी माझी लेटी झोपते, वय वर्षं चार. दुसरी जागाच नाही. गेल्या हिवाळ्यात तिचा भाऊ एमस तापानं गेला तो त्याच कोपऱ्यात. यंदा लेटीला ताप भरला तेव्हा माझं डोकं फिरलं. घरमालक ऑर्मरॉडला चारदा सांगून झालं होतं, तो ढिम्म. शेवटी चॅपलच्या गुरुजींकडून आरोग्य खात्याला अर्ज लिहून घेतला. मंगळवारी निरीक्षक येतील, असं उत्तर आलं.

इथपर्यंत मी शहाणी होते.

सोमवारी संध्याकाळी शेजारीण मिसेस एन्टविसल बादली घेऊन दारात उभी.

"थर्झे, उद्या साहेब येणार आणि तुझी पायरी बघ! लोक थुंकतील आपल्यावर."

"अहो, साहेबांना घाणच तर दाखवायचीय."

"घाण खड्ड्याची, पण नाव आपलं होतं बाई! तुझी आई असती तर झिंज्या उपटल्या असत्या तुझ्या."

आईचं नाव काढलं आणि मी बाह्या सरसावल्या. आमच्याकडे पोट रिकामं असलं तरी चालतं, पायरी घासलेली हवी. एमस आत शवपेटीत होता तेव्हासुद्धा मी बाहेर गुडघ्यांवर बसून दगडानं पायरी घासत होते, कारण माणसं यायची होती.

मग काय, सगळ्या बायका कामाला लागल्या. खड्ड्यावर राख पसरली, गटार झाडलं. आणि मी, शहाणीनं, चुना आणून मागच्या भिंतीला दोन हात दिले. लेटीला धुतलेला झगा घातला.

निरीक्षक पिलिंग आला तो नाकाला रुमाल लावूनच. खोलीत शिरला, रुमाल खिशात गेला. त्यानं भिंतीला बोट लावलं.

"ओल आहे का इथं?"

"चुना ताजा आहे, साहेब," मी म्हटलं.

माझी जीभ का झडली नाही तेव्हा! मागून एन्टविसलबाई कौतुकानं मान डोलवत होती. पिलिंगनं वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं, "खोली स्वच्छ. भाडेकरू नीटनेटकी. तक्रारीत तथ्य नाही." आणि मी चक्क लाजले. नीटनेटकी! साहेबाच्या तोंडून!

गुरुवारी चुन्यावर पिवळे डाग उमटले. शनिवारी पोपडे लेटीच्या पांघरुणावर पडायला लागले. ती पाणी मागायची आणि प्यायची नाही. सोमवारी गिरणी बुडवून मी आरोग्य खात्याची कचेरी गाठली.

"तुमच्या बोळाची पाळी आता वसंतात," पिलिंग म्हणाला.

"साहेब, मी खोटं बोलले. भिंत सडलीय."

"तुम्हा बायकांचं हे असंच. एका हातानं तक्रार करता, दुसऱ्या हातानं चुना लावता."

खरं बोलत होता मेला, म्हणून तर जास्त आग लागली. मी त्याच्या टेबलासमोर फरशीवर बसकण मारली. शिपाई आला, त्याला म्हटलं, उचल बघू. तासाभरानं पिलिंग टोपी घेऊन उठला.

आम्हाला येताना पाहून एन्टविसलबाई बादली घेऊन धावली.

"आत पाऊल टाकाल तर हीच बादली डोक्यात घालीन!" मी ओरडले.

लेटीला खाटेसकट बाजूला ओढलं, कोळशाचं फावडं घेतलं आणि भिंतीवर घातलं. दोन घावांत गिलावा आला, तिसऱ्यात वीट. मागची घाण जमिनीवरून वाहत पिलिंगच्या बुटांपर्यंत पोचली.

"अरे देवा," तो म्हणाला. रुमाल नाकावर.

"लिहा. घाणेरडी म्हणून लिहा. मोठ्यानं वाचत लिहा, मला वाचता येत नाही."

"थर्झा हॅस्लम. खोली अत्यंत घाणेरडी, राहण्यास अयोग्य. मालकानं चौदा दिवसांत खड्डा हलवून भिंत..."

"बोळाचं नाक कापलंस गं!" एन्टविसलबाई दारात रडायला लागली.

"नाक होतं तर इतकी वर्षं वास कसा नाही आला?" मी म्हटलं. "आणि साहेब, चौदा? चौदा कुठून आणलेत?"

"नियमच तसा आहे, बाई."

मी लेटीला उचललं आणि त्याच्या हातांत कोंबलं. वही खाली पडली. लेटीचं डोकं त्याच्या कोटावर कललं, आणि तिचं अंग किती भाजतंय ते त्याला कळलं, मला त्याच्या तोंडावर दिसलं. मग तिला माझ्याकडे देऊन त्यानं वही उचलली, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं.

"वाचा," मी म्हटलं.

"उद्या सकाळी," तो म्हणाला. "खात्याची माणसं घेऊन मी स्वतः."