मारुंजीचा बंद फ्लॅट

सकाळी आंघोळ झाल्यापासून देवाला नैवेद्य दाखवून होईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घेतलेला नेम आहे हा. घरच्यांनी त्याची आपापली सोय लावून घेतली. क्षितिज शाळेत होता तेव्हापासून त्या वेळात मला हो-नाहीचेच प्रश्न विचारायचा. मी एकदा ‘हं’ केलं की हो, दोनदा केलं की नाही.

“आई, डब्यात परत भेंडी?”

हं.

“म्हणजे तुझं माझ्यावर प्रेम नाही.”

हं हं.

“झालं का तुझ्या आईचं तार ऑफिस सुरू?” हे आतून ओरडायचे, आणि मला हसू आवरता यायचं नाही.

क्षितिज कॅनडात गेला तरी ती पद्धत चालूच राहिली. त्याचं रात्रीचं जेवण उरकतं तेव्हा इकडे साडेसहा-सात वाजलेले असतात, नेमकी माझी पूजेची वेळ. फोन देवघराशेजारी पाटावर उभा करून ठेवायचा, मी फुलं वाहत राहायची आणि तो बोलत राहायचा. म्हणायचा, “बरंच आहे आई, निदान माझं बोलणं पूर्ण होतं. नाहीतर तुझ्यापुढे कोणाचं चालतं?” खरं तर मी मोठ्याने बोलणारी बाई नव्हे. पण लेकरानं असं म्हटलेलं बरं वाटतं.

तर एका एप्रिलमध्ये त्याने असाच फोन केला. तिकडे एप्रिलअखेर कराचं विवरणपत्र भरावं लागतं, आणि जगात कुठेही काही उत्पन्न असलं तरी त्यात दाखवावं लागतं, हे त्याने मला समजावून सांगितलं होतं. तो समोर कागद घेऊन बसला होता.

“आई, मारुंजीचा फ्लॅट बंदच आहे ना?”

मी गंध उगाळत होते. एकदा ‘हं’ केलं.

“मग प्रश्नच मिटला,” तो म्हणाला आणि पुढचं पान उलटलं.

फ्लॅट बंद नव्हता. मागच्या दसऱ्यापासून त्यात दिव्या आणि तिचा नवरा धनेश राहत होते.

तो फ्लॅट क्षितिजने हिंजवडीत नोकरीला असताना घेतला, स्वतःच्या नावावर. दोन वर्षं राहिला तिथे आणि मग परदेशाचं निघालं. किल्ली माझ्या हातात देताना म्हणाला होता, “भाडेकरू नको हं आई. मी येईन तेव्हा मला माझं घर जसंच्या तसं पाहिजे.” मी दर शनिवारी पिंपळे गुरवहून निघायची, डांगे चौकात रिक्षा बदलायची, मारुंजीला जाऊन केर काढायची, दिवा लावून यायची. त्याच्या कपाटात त्याचे जुने शर्ट होते. ते झटकून परत ठेवायची.

दिव्या तिथेच खालच्या मजल्यावर मैत्रिणींबरोबर राहायची. लातूरकडची. आयटी कंपनीत होती आणि तिचं नुकतंच लग्न ठरलं होतं. मला जिन्यात गाठून म्हणायची, “काकू, एवढं छान घर कुलपात ठेवून काय करलालाव? आमाला द्या की. होणारा नवरा चाकणला कंपनीत हाय, शिफ्टवाला. घरी असला तरी झोपलेलाच असतोय. तुमच्या भिंतीला पण कळणार नाही.”

त्या दसऱ्याला मी तिला किल्ली दिली. मनाशी म्हटलं, वास्तू अंधारात ठेवू नये. तिथे रोज दिवाबत्ती होईल, दोघांचा संसार मार्गी लागेल. क्षितिजचे शर्ट मी पिशवीत भरून घरी आणले.

भाडं मी त्याच्याच खात्यात जमा करायला सांगितलं. त्याचं कॉलेजमधलं जुनं खातं होतं, पासबुक माझ्याकडे आणि मोबाइल नंबर ह्यांचा. त्यातला एक रुपया मी कधी हलवला नाही. दुसऱ्याच्या पैशाला हात लावला नाही म्हणजे आपण स्वच्छ, असं मला वाटत राहिलं.

मार्च आला तशी दिव्या घरी आली. कंपनीत घरभाड्याचा पुरावा द्यायचा होता, त्यावर घरमालकाचा पॅन नंबर लागतो म्हणाली. मी क्षितिजची फाइल काढली आणि नंबर लिहून दिला. दर वर्षी ती यायची, येताना शेंगदाण्याची चटणी आणायची आणि मी नंबर लिहून द्यायची. तो नंबर पुढे कुठे जातो, हे मी कधी विचारलं नाही.

आणि दर एप्रिलला क्षितिज विचारायचा. “फ्लॅट बंदच आहे ना?”

हं.

नैवेद्य झाल्यावर फोन लावता आला असता. त्याला झोप लागायच्या आत सांगता आलं असतं. पहिल्या वर्षी मी खरंच फोन हातात घेतला होता. मग वाटलं, सांगितलं तर चिडेल, त्या दोघांना बाहेर काढ म्हणेल, दिव्याला दिवस गेलेले. पुढच्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर मागच्या वर्षी का नाही सांगितलं म्हणेल. तिसऱ्या वर्षापासून मी फोन हातात घेणंच सोडलं. तोंडाने तर काही खोटं बोलले नव्हते, अशीही एक पळवाट मी मनात ठेवली होती. देवासमोर बसून ठेवली होती.

गेल्या वर्षी ह्यांचं सुरू झालं. भोसरीत पस्तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस, ज्याच्या हाताला माप घ्यायला मायक्रोमीटर लागत नसे असं लोक म्हणायचे, तो एक दिवस दूध आणायला गेला आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेल्या कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिला. वॉचमनने रिक्षात बसवून पाठवलं. डॉक्टर म्हणाले, विसरणं वाढत जाणार, वेग सांगता येत नाही. ओळखीची माणसं सोबत असली की बरं असतं. तेवढंच करा.

क्षितिजला सांगितलं तेव्हा त्याने आधी डॉक्टरांचे कागद मागवून घेतले. मग म्हणाला, “आई, मी येतो. पंधरा दिवसांसाठी नाही, वर्षभर. माझं ऑफिस हिंजवडीतून काम करू देतंय. फक्त नागरिकत्व हातात येऊ दे. त्याच्याआधी वर्षभर बाहेर राहिलो तर इथलं सगळंच अडकतं. आता कागद जमत आलेत, वैशाखात अर्ज टाकतो.”

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “येऊ दे. त्याला लेथ शिकवायचा राहिलाय.”

मी कॅलेंडरवर खूण केली. पाच वर्षं आपण काय करत होतो, त्याचा आणि ह्या खुणेचा काही संबंध असेल, असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

फाल्गुनात क्षितिजचा फोन आला तो दुपारी. म्हणजे त्याच्याकडची पहाट. मी ह्यांना जेवायला वाढत होते.

“आई, इन्कम टॅक्सचा मेल आलाय, भारतातला. म्हणतात माझ्या पॅनवर घरभाड्याचं उत्पन्न दिसतंय. पाच वर्षांचं. भाडेकरूचं नाव दिव्या. कोण आहे ही?”

दुपार होती. बोलायला काहीच आड येत नव्हतं.

“मी दिला रे फ्लॅट,” मी म्हटलं. “पैसे सगळे तुझ्या खात्यात आहेत. एकही काढलेला नाही.”

“तू दर वर्षी हो म्हणालीस आई.”

“हो.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, “बरं, बघतो,” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना रिक्षात शेजारी बसवून चिंचवडला उत्कर्षाकडे गेले. ती क्षितिजच्या वर्गातली, आता करसल्लागार आहे. टेबलावर फाइलींचे ढीग आणि त्यांच्या आड ती. मी तिला पासबुक दाखवलं, सगळं सांगितलं.

“काकू, इथलं घाबरू नका,” ती म्हणाली. “इथे त्याचं दुसरं काही उत्पन्न नाही, भाडं करमर्यादेच्या आत आहे. मी उत्तर टाकते, विषय संपला. अडचण तिकडे आहे. रात्री बोललाय तो माझ्याशी.”

“मोठा दंड आहे का?”

“दंडाचं काय, भरेल तो. अहो, नागरिकत्वाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांचा तक्ता असतो, कोणत्या वर्षी विवरणपत्र भरलं ते लिहायचं. याने पाचही भरलीत. पण पाचही चुकलीत. आणि अर्जाखाली सही करायची की वरचं सगळं खरं आहे. तिथला सल्लागार म्हणतोय, आधी पाच वर्षांची विवरणपत्रं आपणहून दुरुस्त कर, त्यांचं उत्तर येऊ दे, मग अर्ज.”

“त्याला किती दिवस?”

“सांगता येत नाही.” तिने पेन फिरवलं. “दिवस म्हणू नका, काकू.”

मी म्हटलं, “मी लिहून देते की फ्लॅट त्याने मला वापरायला दिला होता. भाडं माझं होतं. मागची तारीख घालून करारही करू. सही करते मी.”

उत्कर्षाने पेन खाली ठेवलं. “काकू, लहानपणी तुम्ही आम्हाला चतुर्थीला चॉकलेट चालतं का याचं उत्तर पोथीत बघून सांगायचात. आणि हे चालेल?”

“पोराला यायचंय गं.”

“खातं त्याचं, पॅन त्याचा, घर त्याचं. तुमचा कागद उद्या त्याच्याच गळ्यात येईल. आणि मी विचारलं होतं त्याला, घर तुम्हाला वापरायला दिलं होतं असं दाखवायचं का. तो म्हणाला, आईला माझ्यासाठी खोटं बोलायला लावू नको.”

पाच वर्षं मी कोणी न सांगता तेच करत होते, आणि तेही त्याच्यासाठी नव्हे.

हे तोवर टेबलावरचं पेपरवेट उलटसुलट करून बघत होते. “फिनिशिंग चांगलं नाही,” म्हणाले. उत्कर्षा हसली. “प्रभाकरकाका, तुम्हीच करून द्या मग एक.” हे खूश झाले. “देतो. मंगळवारी ये कंपनीत.”

वैशाखात अर्ज गेला नाही. त्याऐवजी दुरुस्तीचे कागद तयार झाले. एका रविवारी सकाळी, माझा नैवेद्य होऊन गेल्यावर, क्षितिजने फोन केला. आता तो जाणूनबुजून उशिराच करतो. हे गॅलरीत खुर्चीवर बसले होते.

“आई, एक पत्र जोडायचंय. उत्पन्न आधी का दाखवलं नाही, त्याचं कारण. मी लिहिलंय, वाचू?” त्याने इंग्रजीतून वाचलं आणि मराठीत सांगितलं. नजरचुकीने राहून गेलं, असा त्याचा अर्थ होता.

“नजरचूक कोणाची?” मी विचारलं.

“असंच लिहितात आई.”

“खोडून टाक ते. तुला सगळं खरंच लिहायचंय ना? मग लिही, आईने लपवलं.”

“लपवलं नको. सांगितलं नाही असं लिहितो.” त्याची बोटं कीबोर्डवर वाजत होती. मग थांबली. “आणि का सांगितलं नाही, असं विचारलं तर? मलाही माहीत नाहीये. मी काय तुला रागावलो असतो का गं एवढा?”

वास्तू अंधारात ठेवू नये, हे माझ्या ओठांवर आलं होतं. दिव्याची अडचण होती, हेही आलं होतं. दोन्ही खरंच होतं तसं.

“तुला तिथे कायमचं राहायची परवानगी मिळाली तो दिवस आठवतो?” मी म्हटलं. “तू पेढे वाटायला सांगितलेस. मी वाटले. मला वाटलं, हा आता परत येत नाही. कपाट उघडून तुझे शर्ट बघवेनात. दसऱ्याला दिव्याला किल्ली देऊन टाकली. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, दे, काही हरकत नाही. तेवढं मला ऐकायचं नव्हतं.”

तो खुर्चीवरून उठल्याचा आवाज आला.

“मी म्हणालो नसतो तसं,” क्षितिज म्हणाला. “मला यायचंच होतं आई. म्हणून तर बंद ठेवायला सांगितलं होतं.”

“कळलं रे आता.”

“सल्लागार म्हणतो दुरुस्तीला आठ-दहा महिने. त्यानंतर अर्ज. त्याचं वर्ष धर.” त्याने कागद आवरले. “मध्ये दिवाळीला येऊन जाईन मी. पंधरा दिवस.”

“ये,” मी म्हटलं. “पत्रात काय लिहिलंस शेवटी?”

“आईने सांगितलं नाही. बस, एवढंच. बाकीचं त्यांना कशाला?”

फोन ठेवला तेव्हा हे गॅलरीतून आत आले होते. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, “कोणाचा होता?”

“क्षितिजचा.”

ते दारातून माझ्याजवळ आले.

“आपला?”

“आपलाच,” मी म्हटलं, आणि त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं.