न बघता सापडणारी कात्री

बॅगांच्या धंद्यात मला कोणी शिकवू नये. माणूस दुकानाच्या पायरीवर पाय ठेवतो तेवढ्यात मी सांगतो, याला चाकांची हवी, हिला खांद्यावरची हवी, आणि हे गृहस्थ नुसतेच हात लावून जाणार. माझा अंदाज चुकत नाही. चुकला तो एकाच गिऱ्हाइकाच्या बाबतीत. ते गिऱ्हाईक माझ्याच घरात राहतं, सकाळी माझ्याआधी वर्तमानपत्र बळकावतं आणि नात्याने माझी सासू लागतं.

आई, म्हणजे सासूबाई, आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण थिएटर काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. त्यांच्याकडे सुरी मागितली तर ती दांड्याच्या बाजूने आपल्या तळहातावर अशी बसते की टाळी वाजते, वर "घ्या" असा हुकूम. जेवणं झाली की चमचे मोजल्याशिवाय त्या कोणाला उठू देत नाहीत. एकदा एक चमचा कमी भरला तेव्हा माझे दोन मित्र बूट घालून दारात उभे होते आणि आई त्यांच्या खिशांकडे बघत होत्या. चमचा कचऱ्याच्या डब्यात सापडला. मित्र त्यानंतर जेवायला आलेले नाहीत.

तर आईंचा एक चालणाऱ्यांचा गट आहे. सगळे निवृत्त, सगळे उत्साही. रविवारी टेकड्या चढतात आणि आठवडाभर गुडघ्यांना तेल चोळतात. गटाचे म्होरके मास्तर, एका शाळेतले कवायतीचे शिक्षक. गळ्यातली शिट्टी अजून उतरलेली नाही. या मास्तरांनी आईंना गोड बोलून सांगितलं, "सिस्टर, पुढची टेकडी जरा उभी आहे. तुमचा गुडघा बघता तुम्ही खाली बसमध्येच थांबा. तुम्ही मागे पडता, आणि मागे कोणी एकटं राहायचं नाही हा आपला नियम आहे."

आई घरी आल्या. चहा निवला तरी कपाला हात लावला नाही. "आज बसमध्ये थांबा म्हणतायत, उद्या घरीच थांबा म्हणतील," एवढंच म्हणाल्या. मला वाईट वाटलं. घरात माझं त्यांच्याशी वाजतं, पण तो रविवार गेला तर या बाईंचा आठवडाच गेला, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना फोन लावला. "मला बसवून ठेवताय, मग कोणाला लागलं तर बघणार कोण? तुमची शिट्टी?" मास्तर गडबडले. शेवटी ठरलं असं: प्रथमोपचाराचं सामान सिस्टरांकडे आणि सिस्टर टेकडीवर. अट एकच. पाठीवर ओझं नको, दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणजे बॅग अगदी आटोपशीर पाहिजे.

"बॅग ना?" मी म्हणालो. "आई, हे माझ्यावर सोडा." हे वाक्य मी का बोललो, देव जाणे.

त्या दुकानात आल्या त्या सामानाचं पोतडं घेऊनच. कापूस, जाळीदार कापडाच्या घड्या, चिकटपट्ट्या, क्रेपची गुंडाळी, कात्री, चिमटा, जंतुनाशकाची बाटली. मी पैज लावल्यासारखी एक कमरेची बॅग काढली, सगळं आत बसवलं आणि चेन ओढून टाळी दिली.

"बसलं हो," आई म्हणाल्या, "पण निघतं का ते बघू. तुम्ही डॉक्टर. मागा."

"काय मागू?"

"कात्री मागा! आणि माझी नजर तुमच्या हातांवर राहणार, पिशवीत नाही. सिस्टरने ट्रेमध्ये शोधाशोध केली तर पेशंट काय वाट बघत बसेल?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत मी हात पुढे करून ओरडलो, "कात्री!" आईंचा हात कमरेच्या बॅगेत गेला, चेनमध्ये अडकला, आणि माझ्या तळहातावर आली कापसाची गुंडाळी.

"पेशंट गेला," आई म्हणाल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी माझ्या दुकानात पेशंट जाऊ लागले. कॅमेऱ्याच्या बॅगेत सगळं तळाशी जाऊन बसलं. खांद्याच्या छोट्या बॅगेला चेन दोन हातांनी उघडावी लागे. सायकलच्या पिशवीत चिमटा अस्तराच्या आत शिरला, तो अजून तिथेच आहे; दुसरा आणावा लागला. प्रत्येक वेळी सामान काढून, मोजून, परत भरायचं. एक घडी कमी भरली तर आई दुकानाच्या दारात आडव्या उभ्या राहत. एक बाई नुसती पर्स बघायला आल्या होत्या, मला "क्रेप! लवकर!" असं किंचाळताना ऐकून पायरीवरूनच मागे फिरल्या.

या गडबडीत माझं बोट एका चेनमध्ये सापडलं. थेंबभर रक्त आलं. मला रक्त बघवत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मी असेन तिथे खाली बसतो, ही घरातली जुनी करमणूक आहे. बायको डबा घेऊन आली होती. तिने हसत हसत पट्टी बांधली, आईंनी तिला कात्री दिली, दांड्याच्या बाजूने.

"आई, एवढी चोखंदळ होऊन कसं चालेल?" बायको म्हणाली.

"मला एकदाच संधी आहे गं," आई म्हणाल्या. "तिथे पिशवीत चाचपडत बसले तर मास्तर पुन्हा बसमध्ये बसवतील." मी पट्टी बांधलेल्या बोटाने पुढची बॅग खाली काढली.

आणि माझं नाक कापलं ते शेजारच्या सलूनवाल्याने. आई केस कापायला गेल्या आणि अर्धे केस कापलेल्या अवस्थेत, गळ्याला कापड तसंच, माझ्या दुकानात धावत आल्या. मागोमाग सलूनवाला. "जावईबापू, हे बघा! हा माणूस गप्पा मारतोय, आरशात बघतोय आणि कात्री आपोआप हातात येतेय!"

त्याच्या कमरेला कातडी पिशवी होती. तळहाताहून थोडी मोठी, चपटी, प्रत्येक वस्तूला आपलं घर. कात्रीचं वेगळं, कंगव्याचं वेगळं. त्याच्याकडे जुनी एक होती, ती त्याने हौसेने देऊन टाकली. इतक्या वर्षांचा माझा धंदा, भिंतभर बॅगा, आणि सासूबाईंनी पसंत केली ती न्हाव्याची पिशवी! माझं पित्त खवळलं. पण वरून उघडी होती, धूळ जाईल म्हणून तिला झाकण पाहिजे होतं. ते मी शिवलं, मऊ कापडाचं, एका बोटाने उघडणारं. झाकण माझं आहे, हे मी सगळ्यांना सांगतो.

"कात्री!" टप्प. "चिमटा!" टप्प. "कापूस!" टप्प. पिशवीला केसांच्या तेलाचा वास येत होता, पण पेशंट वाचला.

रविवारी बायकोने मलाही सोबत धाडलं. "आईकडे लक्ष ठेव," म्हणाली. टेकडी खरंच उभी होती. मास्तर पुढे शिट्टी फुंकत, गट त्यांच्या मागे, बऱ्याच मागे आई आणि त्यांच्या मागे धापा टाकत मी. आई एका हाताने काठी टेकत होत्या आणि प्रत्येकाच्या टाचांकडे अशा आशेने बघत होत्या की मला त्या माणसांची काळजी वाटू लागली. कोणी ठेचकाळलं की आईंचा हात झाकणावर. तो माणूस सावरला की आईंचा चेहरा पडायचा.

वळणावर मास्तर आमच्याकडे तोंड करून उलटे चालू लागले. "चला, सिस्टर, चला! पाय उच..." एवढं बोलून ते दिसेनासे झाले. धावत जाऊन बघतो तर खडीवर बसलेले, गुडघ्यापासून खाली पोटरी सोललेली आणि रक्ताची धार.

आई पोचल्या. वाकल्या. नजर जखमेवरून हलली नाही. हात पिशवीत गेला आणि क्षणात घडी बाहेर आली. टप्प करून ती माझ्या तळहातावर बसली.

"घ्या."

मी घडीकडे बघितलं, मास्तरांच्या पायाकडे बघितलं आणि खाली बसलो.

"घ्या!" आईंनी दुसरी घडी पुढे धरली. समोर घ्यायला हात नव्हता, नुसती हवा होती. सगळा गट बघत होता. ती घडी धरलेला हात तसाच राहिला, आणि आईंच्या तोंडचं पाणी पळालेलं मी खालून बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात कोणालाही लागलं तरी पट्टी बायकोच बांधायची. आई नेहमी कात्री द्यायच्या.

"मी..." आई हळूच म्हणाल्या, "मी आयुष्यभर दिलंच फक्त. घेणारे दुसरे होते."

मास्तर कण्हत म्हणाले, "सिस्टर, काहीतरी करा हो." सगळी खटपट, सगळे मेलेले पेशंट, आणि आता ही बाई पुन्हा बसमध्ये.

मग आईंनी एक विचित्र गोष्ट केली. "घ्या," त्या पुन्हा म्हणाल्या, स्वतःलाच. आणि त्यांच्या डाव्या हाताने उजव्या हातातली घडी घेतली. जखम पुसली. "कात्री," डावा हात म्हणाला असावा, कारण उजव्याने न बघता ती दिली. टप्प. "क्रेप." टप्प. पट्टी वाकडीतिकडी झाली, मास्तरांचा पाय उशीसारखा दिसू लागला, पण रक्त थांबलं. गटातल्या एकाने टाळ्या वाजवल्या.

"थांबा! कोणी हलायचं नाही. मोजणी."

मोजणीत एक घडी कमी भरली. मग काय विचारता! सगळा गट गवतात शोधू लागला. मास्तर स्वतः चार पायांवर, शिट्टी खडीवरून फरफटत, दगड उचलून बघत होते. आई काठी टेकून मधोमध उभ्या होत्या, आणि त्या टेकडीवर दुसऱ्या कोणाचं काही चालत नव्हतं. घडी शेवटी माझ्या मुठीत सापडली. मी ती कपाळावर दाबून बसलो होतो.

"जुळलं. चला," आईंनी झाकण लावलं. गट वर निघाला. मास्तर उठले, एक पाऊल टाकलं, लंगडले, आणि सगळे पुढे जाऊ लागले तशी त्यांची मान खाली गेली.

"मास्तर," आई म्हणाल्या, "खाली बस उभी आहे. थांबता का तिथे?"

मास्तरांनी शिट्टीशी चाळा केला. "नको हो, सिस्टर. येतो ना मी. हळूहळू येतो."

"मग या. माझ्या पुढे चाला," आई म्हणाल्या आणि आपली काठी त्यांच्या हातात दिली, मुठीच्या बाजूने. "मागे कोणी एकटं राहायचं नाही."