झुलालभाऊंची मोटर

मी बोलते जास्त, हे मला ठाऊक आहे. माझा मुलगा योगराज म्हणतो, आई, तू झोपेतसुद्धा कुणावर तरी ओरडत असतेस. असू दे. गप्प बसून केळीची बाग होत नसते. तो पाचोऱ्याला नोकरीला. शनिवारी येणार, रविवारी सल्ले देऊन जाणार. यावलच्या या दीड एकरात राबायचं ते मी आणि सून कामिनीनं.

या मे महिन्यात ऊन असं की सकाळी दहानंतर बागेत पाय ठेववेना. मजुरीच्या बायांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. इकडे केळीच्या बुडाशी पिलं फुटत चाललेली. ती वेळेवर कापली नाहीत तर मोठ्या झाडाच्या तोंडचा घास तीच खातात. शेवटी कामिनीनंच तोड काढली: दिवस बुडाल्यावर फोकस लावून कापू. बांबूला फोकस बांधायचा, बांबू ओळीत रोवायचा, ओळ झाली की उपटून पुढच्या ओळीत न्यायचा. वायर विहिरीवरच्या पेटीपासून थेट बागेत सोडलेली.

ती वायर माझी करणी. घरात पडलेले चार तुकडे मी हातानं पिळून जोडले आणि वरून टेप गुंडाळली. योगराज म्हणाला होता, एकसलग नवी आणू. मी म्हटलं, मोठा आला शहाणा, तुझ्या बापानं जन्मभर अशीच चालवली.

आणि आमच्याकडच्या लाईटीचं तर काही विचारूच नका. एका संध्याकाळी पाचदा जाते, पाचदा येते. त्यामुळे सगळ्यांना एक सवय लागलेली. लाईट गेली की तेवढ्या वेळात वायरीचे सुटलेले जोड पिळून घ्यायचे. पेटीपर्यंत जाऊन बटण बंद करायचा कुणाला कंटाळा नाही? कामिनीला हे मीच शिकवलं होतं.

त्या दिवशी आमचं सकाळपासूनच बिनसलेलं. पुढच्या पिकासाठी राखून ठेवलेलं एक चांगलं पिलू तिनं आदल्या रात्री कापलेलं दिसलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. त्याला हात लावू नको, याला हात लावू नको, विचारल्याशिवाय कशालाच हात लावू नको. ती आपली वर न बघता ‘हो आई’ म्हणत होती. चार वर्षं झाली लग्नाला, उलट शब्द नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा.

आठ वाजले असतील. माझे गुडघे बोलायला लागले म्हणून मी बांधावर येऊन टेकले. कामिनी आत, विसेक ओळी पलीकडे. संध्याकाळी पाणी सोडलेलं, सगळा चिखल. चपला रुततात म्हणून तिनं त्या माझ्याजवळ काढून ठेवलेल्या आणि अनवाणी काम चाललेलं. ओळ संपली तसा तिनं बांबू उपटला आणि पुढं ओढत निघाली. फोकस गेला. सगळी बाग काळीठिक्क झाली.

“गेली मेली,” मी म्हटलं.

“आई, ओढताना जोड पण सुटलाय वाटतं,” ती आतून म्हणाली. “लाईट नाही तोवर पिळून टाकते.”

“पिळ,” मी म्हटलं. माझ्याच तोंडानं म्हटलं.

तिनं मोबाईलची बॅटरी लावली. केळीच्या खांबांआडून तो उजेड हळूहळू सरकताना दिसत होता. वायर हातात धरून ती जोड शोधत चालली होती. मी पदरानं तोंड पुसलं. तेव्हा मला आवाज जाणवला. शेजारच्या शेतात झुलालभाऊंची मोटर चालू होती. घर्रर्र घर्रर्र, मघापासून चालूच होती. आमची आणि त्यांची विजेची डीपी एकच. आमची लाईट गेली तर त्यांची मोटर बंद पडते.

म्हणजे लाईट गेली नव्हती. जोड सुटला म्हणून फोकस विझला होता. वायरीचं जिवंत टोक त्या चिखलात कुठंतरी पडलं होतं आणि माझी सून अनवाणी पायानं तिकडंच चालली होती.

पेटी विहिरीवर, बागेच्या दुसऱ्या टोकाला. या गुडघ्यांनी तिथं पोचेपर्यंत सगळं संपलं असतं.

“कामिनी, हात लावू नको,” मी ओरडले.

“हूं,” ती म्हणाली. मोबाईल दातांत धरला होता तिनं, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. उजेड थांबला नाही.

“अगं हात लावू नको. लाईट आहे, लाईट.”

“हूं, हूं.”

कशाला ऐकेल ती? सकाळपासून मी दुसरं काय म्हणत होते? पानांच्या सळसळीत अन् मोटरीच्या घरघरीत तिला शब्द कळले असतील की नुसता माझा सूर, देव जाणे. तिसऱ्यांदा ओरडले. उजेड खाली वाकला. तिला जोड सापडला होता.

रात्री बागेत सापाचं नाव घेत नाहीत आमच्याकडे, लांबडं म्हणतात. मी सरळ नाव घेतलं.

“साप चावला गं मला. मेले मी.”

उजेड ताडकन उठला. केळीची पानं फाडत ती धावत आली, बांधावर धपकन बसली आणि माझा पाय मांडीवर घेतला. “कुठं आई, कुठं चावला? हलू नका तुम्ही.” डोक्याचा रुमाल सोडून ती माझ्या पिंडरीला आवळायला लागली. रडत होती. मी तिचं मनगट घट्ट धरलं. ती कुठं जाऊ नये एवढंच मला कळत होतं.

“कुठंच नाही चावला,” मी म्हटलं. “झुलालभाऊंची मोटर ऐक.”

तिनं ऐकलं. बागेकडं बघितलं, मग आपल्या तळहातांकडं.

आम्ही बांधाबांधानं विहिरीवर गेलो. मी पेटीचं बटण खाली ओढलं. आता सगळं बोलून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि सवयीनं निघालं ते असं, “तीनदा सांगितलं तुला. कान कुठं होते?”

कामिनी वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ‘हो आई’ म्हणणारा तो नव्हता.

“तुम्ही दिवसातून तीस वेळा सांगता आई,” ती म्हणाली. “त्यातलं माझ्या जिवाचं कोणतं, हे मी ओळखायचं कसं?”