दुसऱ्या उपकरणावर

कवळीवाल्यांचं गाणं रोज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बंद पडत असे. एखादं मिनिट इकडे, एखादं तिकडे. गायिका वरच्या सुराला पोचलेली असो की वाजवणारे रंगात आलेले असोत, आवाज मध्येच तुटायचा आणि पडद्यावर एक सभ्य वाक्य उगवायचं : ‘दुसऱ्या उपकरणावर गाणं सुरू असल्यामुळे इथलं थांबवण्यात आलं आहे.’ रोज तेच वाक्य असलं तरी कवळीवाले ते शेवटच्या टिंबापर्यंत वाचत. मग फोन पालथा घालून समोरच्या जबड्याकडे वळत.

समोर जबडे पुष्कळ होते. दातांचे डॉक्टर वरच्या मजल्यावर लोकांच्या तोंडाची मापं घेत आणि खाली लॅबमध्ये पाठवत. खिडकीकडच्या टेबलावर कवळीवाले मेणात दात रोवत. दाराकडच्या टेबलावर कॅपवाल्या बाई दातावर बसवायच्या एकेका कॅपला रंग देत. दोघांच्या मध्ये फळीवर प्लास्टरची शंभरेक तोंडं आ वासून बसलेली असत. त्यातलं एकही बोलत नसे. ती उणीव बाई भरून काढत.

“पडलं का बंद?”

“पडलं.”

“अहो, किती वेळा सांगितलं, वर डॉक्टरांचं वायफाय आहे. एकदाच काय ती सगळी गाणी उतरवून घ्या. डेटाही जाणार नाही आणि असं मध्ये तुटणारही नाही.”

“बघू.”

“बघू म्हणजे नाही. तुमच्या शब्दकोशात ‘नाही’ हा शब्द ‘ब’मध्ये छापलाय.”

एकोणीस वर्षं दोघं समोरासमोर बसत होते. एवढ्यात माणसाला नवराबायकोसारखं भांडता येतं आणि वर संध्याकाळी आपापल्या घरीही जाता येतं.

कवळीवाल्यांचा पॅक महिन्याला दोन जीबींचा, म्हणजे सगळ्यांत लहान. त्यातला बराचसा डॉक्टरांकडून येणाऱ्या फोटोंत जाई. कुणाचे दात कितपत पिवळे आहेत ते रंग जुळवण्यासाठी बघावंच लागे, आणि एका अक्कलदाढेच्या फोटोत दीड गाणं खर्ची पडे. म्हणून त्यांनी गाण्यांचा दर्जा ‘सर्वांत कमी’वर ठेवला होता. त्यामुळे सगळेच गायक सर्दी झाल्यासारखे येत. गाणं साडेपाचला लावायचं, ते सहा दहापर्यंत. पावणेसातला टेबल पुसताना आणखी एक. सातला कुलूप. एवढ्या बेताने डेटा महिनाअखेरीपर्यंत पुरायचा.

आता गंमत अशी की कवळीवाल्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. वर्षभरापूर्वी बायको गेली, तेव्हापासून तर गाणं कानात शिरे आणि आत कुणीच घरात नसल्यासारखं थोडा वेळ उभं राहून परत जाई. जेवणाचंही तेच, बातम्यांचंही तेच. “डॉक्टर भूल देतात ती दोन तासांत उतरते,” बाई एकदा म्हणाल्या होत्या, “तुम्हाला कुणी दिली हो?” कवळीवाल्यांनी या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला होता आणि एक दाढ बसवली होती.

मग माणूस रोज गाणं लावतो कशाला? तर ते तुटावं म्हणून.

खातं मुलीचं होतं. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. हा फोन मुळात तिच्या आईचा, आणि त्यात आपलं खातं मुलीनेच कधीतरी घालून दिलं होतं. कंपनीचा नियम असा, की एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजेल. दुसऱ्याने लावलं की पहिल्याचं बंद. म्हणजे सहा दहाला मुलगी ऑफिसातून निघाली, बसमध्ये बसली, कानात बोंडं घातली आणि तिने गाणं लावलं. एकदा पाच चाळीसलाच तुटलं, तेव्हा कवळीवाल्यांनी ओळखलं, की हिला बरं नाही, लवकर घरी निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा दहा झाले. म्हणजे साधंच काहीतरी असणार. विचारायची सोय नव्हती, कारण बापलेकीत अकरा महिने अबोला होता.

अबोल्याचं कारण फोनच. आईला गाण्यांचे शब्द कधी आठवत नसत. चाल तेवढी आठवे. चाल आठवली की ती फोनमध्ये गुणगुणून ठेवायची आणि मुलगी घरी आली, की ऐकवायची : “हे कुठलं गं?” मुलगी शोधून काढायची आणि यादीत घालायची. अशी दोनशे बारा गाणी सापडली होती. ते गुणगुणणं मुलीला पाठवून दिलं असतं तर कधीच भागलं असतं. पण पाठवायला डेटा जातो. “येतेस ना महिनाअखेर? तेव्हा ऐक,” हे आईचं ठरलेलं. फोनही म्हणे, की वायफाय मिळालं की मी याची प्रत इंटरनेटवर ठेवीन. या घरात वायफाय कधी मिळालं नाही आणि फोन बिचारा सहा वर्षं वाट बघत राहिला.

बायको गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात कवळीवाले तो फोन वापरू लागले. स्वतःचा त्यांच्या हातून मेणाच्या भांड्यात पडला होता. डॉक्टरांनी जबड्याचे फोटो पाठवले, फोन म्हणाला जागा नाही. मात्र दोनशे सदतीस अनावश्यक फाइली सापडल्या आहेत, साफ करू? त्या फाइलींना नाव नव्हतं, नुसत्या तारखा. कवळीवाल्यांनी ‘हो’ दाबलं. जागा झाली. जबडे आले.

महिनाअखेरीस मुलगी आली आणि तिने फोन हातात घेतला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, “आईचा आवाज पुसलात तुम्ही, आणि तुम्हाला काही वाटतही नाही.”

“नाही वाटत,” कवळीवाले म्हणाले. ते खरं होतं, पण खरं बोलण्याचीही वेळ असते. मुलीने बॅग उचलली, ती गेली. तेव्हापासून दोघांच्या तोंडाला कुलूप. उघडी राहिली ती एवढी एक फट. सहा दहाची.

आता बाईंनी काय केलं ते सांगायला हवं. बाई वाईट नव्हत्या. माणसं बऱ्याचदा चांगुलपणानेच घोळ घालतात, वाईटपणाला तेवढा उत्साह नसतो. एका मंगळवारी दुपारी कवळीवाले फोन टेबलावर विसरून पिशवीभर प्लास्टर आणायला गेले. बाईंनी फोन उचलला, वर जाऊन डॉक्टरांच्या वायफायला जोडला, दोनशे बाराच्या दोनशे बारा गाणी उतरवली, दर्जा ‘उत्तम’ केला, ‘फक्त ऑफलाइन वाजवा’ हे बटण दाबलं आणि फोन होता तिथे ठेवून दिला. सांगितलं नाही. त्यांना चकित करायचं होतं.

त्याच संध्याकाळी सहा दहा झाले. गाणं चालू राहिलं.

कवळीवाल्यांनी घड्याळ बघितलं, मग फोनमधलं घड्याळ बघितलं. सव्वासहा. गाणं संपलं, दुसरं लागलं. गायकाची सर्दीही गेलेली होती, पण ते कवळीवाल्यांच्या लक्षात आलं नाही. बाई तिरप्या डोळ्यांनी बघत होत्या.

“आज कसं छान अखंड चाललंय, नाही?”

“हं.”

“काही म्हणायचंय का?”

“बस बंद असतील,” कवळीवाले म्हणाले.

बाईंनी या उत्तराचा बराच वेळ अर्थ लावला आणि मग नाद सोडला.

बुधवारी गाणं तुटलं नाही. गुरुवारी तुटलं नाही. कवळीवाल्यांच्या मनात एकापाठोपाठ शक्यता आल्या. ती आजारी असेल. बसला काही झालं असेल. किंवा तिने गाणीच सोडली असतील, आईची यादीसुद्धा. मुलीच्या घरी फोन करून विचारावं असं तिसरं माणूस तिथे कुणी नव्हतं. ती एकटीच राहत होती. शुक्रवारी दुपारी बाईंनी त्यांची तयार कवळी हातात घेऊन उजेडात धरली.

“हे काय?”

“कवळी.”

“ते दिसतंय. यात उजवे सुळे दोन आहेत. डावा कुठाय?”

कवळीवाल्यांनी बघितलं. डाव्या जागी उजवाच सुळा बसला होता, चांगला घट्ट. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“हा माणूस हसला तर लोक वळून बघतील,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. “काय झालंय हो?”

“बघू,” कवळीवाले म्हणाले आणि फोन घेऊन जिन्यात गेले.

सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. नंबर पाठ होता. पहिली घंटा पुरती वाजायच्या आत पलीकडून उचलला गेला.

“बाबा? काय झालंय?”

“कुठं काय. तुला काय झालंय?”

“मला काय व्हायचंय!”

“मग गाणं का लावत नाहीस?”

“लावते की! आत्ता लावलेलंच होतं, तुमचा फोन आला म्हणून थांबलं. तुम्हीच नाही लावत.”

“मी रोज लावतो.”

“खोटं. मंगळवारपासून पावणेसातला माझं गाणं तुटलेलं नाही.”

कवळीवाले जिन्याच्या पायरीवर बसले. आपण पावणेसातला टेबल पुसताना लावतो ते गाणं कुणाचं तरी तोडत असेल, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना वाटायचं, तोवर ती घरी पोचलेली असते.

“तू पावणेसातला घरी नसतेस?”

“सात वाजतात. रोज कुठल्यातरी गाण्याच्या मध्ये तुम्ही येऊन पडता.”

“मग पासवर्ड का नाही बदललास?”

पलीकडे बसचा आवाज आला. कुणीतरी कुणाला तरी पुढे सरका म्हणत होतं.

“आज सातपर्यंत वाट बघणार होते,” मुलगी म्हणाली. “मग बाईंना फोन करणार होते, की तुम्ही पडलाबिडला नाहीत ना.”

“बाईंना कशाला? मला करायचास.”

“आपण बोलत नाही ना.”

“हो. तेही आहे.”

मग मुलीने अॅप उघडायला लावलं, वरच्या पट्टीत काय लिहिलंय ते वाचायला लावलं. कवळीवाल्यांनी वाचलं : ‘ऑफलाइन’. म्हणजे गाणं फोनमध्येच वाजत होतं, कंपनीला ते कळतच नव्हतं आणि म्हणून कुणाचंच तुटत नव्हतं. कुणी केलं असेल हे दोघांनाही एकदमच कळलं. लॅबचं दार बोटभर उघडं होतं, आणि त्यातून कुणी ऐकत नसल्याची शांतता येत होती.

“ते तारखांचं,” कवळीवाले म्हणाले. “जे पुसलं.”

“हं.”

“ते परत येत नाही. मी दोन दुकानांत दाखवलं. मोठ्या दुकानातला म्हणाला, त्या जागेवर जबड्यांचे फोटो बसलेत.”

“कधी दाखवलंत?”

“तू गेलीस त्याच आठवड्यात.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“आपण बोलत नव्हतो ना.”

मुलीच्या नाकातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की दुसरा कसला हे फोनवरून कळत नव्हतं, आणि समोर असती तरी कवळीवाल्यांना कळलंच असतं असं नाही.

“घाबरला होतात?” तिने विचारलं.

त्यांनी विचार केला. छातीत काही झाल्याचं आठवत नव्हतं. “एका कवळीला दोन उजवे सुळे लावले,” ते म्हणाले.

“म्हणजे हो,” मुलगी म्हणाली.

तिचा थांबा आला, ती उतरली; आता तिच्या चपलांचा आवाज येत होता. चालता चालता तिने विचारलं, “बाबा, यादीतलं पहिलंच गाणं. आई ते कसं गुणगुणायची, आठवतं?”

“मला नाही गाता येत.”

“माहितीये. तरी.”

कवळीवाल्यांनी जिन्यात वरखाली बघितलं आणि गुणगुणलं. घशात प्लास्टर अडकल्यासारखा आवाज निघाला. दाराची फट आणखी बोटभर रुंदावली.

“दुसऱ्या ओळीला ती असं नव्हती करत,” मुलगी म्हणाली. “असं तर गाण्यात आहे. ती तिथं चुकायची.”

“चुकायचीच. नेहमी तिथंच.”

“हो, पण कशी? वर जायची की खाली?”

“खाली.” त्यांनी खाली जाऊन दाखवलं.

“अंहं. एवढी खाली नाही.” तिने रस्त्यातच गाऊन दाखवलं.

“हे फारच बरोबर झालं,” कवळीवाले म्हणाले. “थांब जरा.” आणि त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं.