साठ किलो

मी बंदराच्या फाटकातला वजनकाटा बोलतोय. पायाखालून आवाज आला म्हणून दचकू नका. जमिनीत खड्डा खणून मला बसवलंय. वर लोखंडी फळी आणि बाजूच्या खोलीत माझी तबकडी. तबकडीवरची एक रेघ म्हणजे वीस किलो. त्याहून बारीक काही मला समजत नाही, तेवढा मी ओबडधोबड.

प्रत्येक ट्रक माझ्यावर दोनदा चढायचा, जाताना रिकामा आणि येताना भरलेला. दोन वजनांतला फरक म्हणजे माल. सुरुवातीला मीठ आणि लाकूड असायचं. मग खत आलं, सिमेंट आलं, आणि शेवटी कोळशानं सगळ्यांना हुसकावून लावलं. एका वर्षी चार लाख टन माल माझ्या अंगावरून गेला. अंग ठणकायचं, पण रुबाबही वाटायचा, खोटं कशाला बोलू?

तबकडीसमोर मापाडी बसायचा. अंगानं दांडगा, मनानं भला, पण आपल्या स्मरणशक्तीचा भारी अभिमान. त्याचा धाकटा भाऊ ट्रकवर ताडपत्र्या बांधायचा. दोघांचा एक खेळ ठरलेला होता. धाकटा दमला की रिकाम्या ट्रकच्या हौद्यात ताडपत्रीखाली खुशाल आडवा व्हायचा. ट्रक माझ्यावर आला की सुई तीन रेघा जास्त दाखवायची आणि मापाडी खिडकीतून हाक मारायचा, "उतर रे, साठ किलो. आईला सांगू का?"

धाकटा हसत खाली उडी मारायचा. "दादा, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही बघ."

त्या दुपारी भरती ओसरायच्या आत कोळशाचं जहाज रिकामं व्हायला हवं होतं. ट्रकांची ही लांबलचक रांग लागलेली. मापाड्यानं सुईकडे बघणंच सोडलं. "रिकामी वजनं मला तोंडपाठ आहेत," असं म्हणून तो आठवणीतले आकडे लिहीत गेला आणि हात हलवून गाड्या आत सोडू लागला.

सातव्या ट्रकमध्ये साठ किलो जास्त होते. मी जीव खाऊन सुई पुढे ढकलली. त्यानं मान वर केली नाही. अर्ध्या तासानं तोच ट्रक कोळसा भरून परत आला. साठ किलो त्यातच होते, पण आता हलत नव्हते. कोळसा तसाच कारखान्याच्या भट्टीकडे गेला.

धाकट्याला सगळीकडे शोधलं. जहाजावर चढून पळाला असेल, असं लोक म्हणाले, आणि आईनं तेच धरून ठेवलं. गेली नऊ वर्षं ती दाराला कडी लावत नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर काहीही नसताना सुई तीन रेघांवर उभी राहू लागली. कारागीर आला, खड्ड्यात उतरला, सुई शून्यावर आणली. तो वर येईपर्यंत पुन्हा तीन रेघा. "काट्यात बिघाड नाही," एवढंच बोलून त्यानं घाईघाईनं हत्यारं गोळा केली. मापाडी मग प्रत्येक वजनातून साठ वजा करायला शिकला. मला वाटतं, त्याला तेव्हाच कळलं होतं. नको असलेली गोष्ट माणसं अशीच वजा करून टाकतात.

आता सगळा माल मोठ्या बंदराकडे गेला. मला भंगारासाठी कापायला उद्या माणसं येणार आहेत. म्हणून आज सकाळी मापाडी आईला घेऊन आला.

"आई, तो कुठे पळाला नाही," तो म्हणाला. "सुई दाखवत होती. मी बघितलंच नाही."

ती माझ्यावर चढली. तिच्या दोन रेघा, त्याच्या तीन.

"चल रे," ती हळूच म्हणाली, "घरी चल आता."

ती उतरली आणि सुई सरळ शून्यावर आली. नऊ वर्षांनी मला हलकं वाटलं, आणि फार भकासही वाटलं.

माझं एवढं ऐका. तुमच्यापैकी कुणी काट्यावर बसत असेल, तर रिकामी गाडीसुद्धा बघून सोडा.

मापाड्यानं तिला आधार द्यायला हात पुढे केला. "नको," ती म्हणाली, "सावकाश चालू दे मला." फाटकापर्यंत कोळशाची भुकटी पसरली आहे. दोघांची पावलं तिच्यात अजून दिसतायत. दांडग्या मापाड्याची वरवर उमटलेली, आणि चाळीस किलोच्या त्या म्हातारीची त्याच्याहून खोल.