राहिलेला एक भागाकार

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. दहा लाख बावीस हजार एकशे सतरा. हसू नका! तशा आम्ही सगळ्याच संख्या अनादि. पण मी खरी जगले ती बडोद्यात, मांजलपूरच्या एका फ्लॅटमध्ये, गॅलरीतल्या फळ्यावर.

वसंतराव आणि कमलाताई, दोघंही गणिताचे निवृत्त शिक्षक. एके दिवशी कमलाताईंनी मनात येतील ते सात अंक लिहिले आणि मला घडवलं. मी मूळ संख्या आहे का, म्हणजे एक आणि मी स्वतः सोडून कुणानंच मला पूर्ण भाग जात नाही का, हे त्यांना पाहायचं होतं. तेही कॉम्प्युटरला न विचारता. दुपारच्या चहानंतर एक मूळ संख्या घ्यायची आणि तिनं मला भागायचं. रोज एकच, हा वसंतरावांचा नियम.

सातानं भागलं, पाच उरले. तेरानं भागलं, तरी पाचच उरले. बाकी उरली की कमलाताई टाळी वाजवायच्या. शेजारच्या विमलबेन दारातूनच विचारायच्या, ‘आजे केटला वध्या?’ आज किती उरले, ही चौकशी सगळ्या मजल्याची झाली. माझा तोरा काय वर्णावा!

मग कमलाताईंचं हृदय थकलं. त्यांची खाट गॅलरीत आली, पण भागाकार चुकला नाही. ९९७ नं भागलं, तेव्हा १९२ उरले. वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. माझं वर्गमूळ एक हजार अकराच्या जरासं अलीकडे, त्यामुळे तपासायची एकच मूळ संख्या राहिली होती, १००९.

‘अहो, आज दोन करूया का?’ कमलाताईंनी विचारलं.

‘उद्या. नियम म्हणजे नियम,’ म्हणत वसंतरावांनी खडू खाली ठेवला. उद्याची ओढ राहिली तर ही औषधं नीट घेईल, असं बिचाऱ्यांना वाटलं. पहाटे कमलाताई गेल्या.

नंतर मला कुणी हात लावला नाही. माझ्यावर धूळ बसली, सात पुसट झाला. विमलबेन दारात यायच्या आणि फळ्याकडे बघून परत जायच्या.

परवा नात इरा आली. माझी गोष्ट तिला ठाऊक होती. तिनं मोबाइल काढला, तसा आजोबांनी तिच्या हातात खडू दिला. आपल्याच्यानं होत नाही, तूच कर, म्हणाले. इरा १००९ नं भागत गेली. खाली शून्य आलं, वर १०१३. मी मूळ नव्हतेच! सगळा तोरा फुकाचा.

‘भाग गेला गं, कमल,’ वसंतराव रिकाम्या खाटेकडे बघून म्हणाले. ‘तू म्हणालीस तेव्हाच केला असता, तर तुला कळलं असतं.’

१००९ आणि १०१३, दोन्ही मूळ, अगदी शेजारशेजारच्या. हे बघून कमलाताईंनी किती टाळ्या वाजवल्या असत्या! एकच भागाकार राहिला असताना त्या गेल्या, हे मला फार लागतं.

मित्रांनो, माझं काय, मला कितीही भागा, मी संपत नाही. माणसं संपतात. तुमच्या घरात कुणी ‘आज दोन करूया का?’ असं विचारलं, तर खडू खाली ठेवू नका.